वाचक विचारतात : दोस्त राष्ट्राने हात आखडला, तर?

प्रश्न : नाटोच्या (अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीच्या) तहात पाचव्या कलमात 'एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला' असं स्वच्छ लिहिलंय. मग अमेरिकेचा अध्यक्ष काही बोलला की युरोपचं धाबं का दणाणतं?
(निवृत्त सुभेदार, सातारा)

उत्तर : सुभेदारसाहेब, ते वाक्य कलमात आहेच, पण त्याच्या पुढचंही वाचायला हवं. हल्ला झाल्यावर प्रत्येक सदस्याने 'स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती' करायची आहे. तीत सैन्यबळ येऊ शकतं, आलंच पाहिजे असं नाही. १९४९ साली युद्धाचा निर्णय अमेरिकी सिनेटला आपल्या हातून जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून ही फट जाणूनबुजून ठेवली गेली. निषेधाचा खलिता आणि औषधांची दोन विमानं धाडली तरी कलम पाळलं, असं म्हणायला वाव उरतो. आजवर हे कलम एकदाच लागू झालं, २००१ च्या सप्टेंबरात, आणि तेही अमेरिकेवर हल्ला झाला म्हणून!

नाटो सोडायचं तर वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते. शिवाय २०२३ अखेरच्या अमेरिकी कायद्यानुसार सिनेटच्या दोन तृतीयांश संमतीशिवाय किंवा काँग्रेसने वेगळा कायदा केल्याशिवाय अध्यक्षाला बाहेर पडता येत नाही. पण फौज, विमानं, दारूगोळा मागे घ्यायला तहाला हातही लावावा लागत नाही, मेख तिथे आहे. त्यामुळे भाषणं ऐकण्यापेक्षा पुढच्या ठाण्यांवर कोणाची माणसं आहेत ते मोजावं. २०२५ मध्ये नाटोच्या हेग परिषदेत युरोपसह सदस्य देशांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के खर्चाचं मान्य केलं, त्यात साडेतीन टक्के निव्वळ संरक्षणाचे. उरलेल्या दीड टक्क्यात रणगाडे पेलतील असे पूल आणि रस्तेही धरलेत. हा हिशेब भरवसा उडाल्याचाच आहे.

प्रश्न : मोठ्या देशाने अंग काढून घेतलं तर छोट्या देशात आधी काय बंद पडतं?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : आधी डोळे जातात, मग गॅरेज, आणि दारूगोळा सगळ्यात शेवटी, कारण गोदामात थोडाफार साठा असतो.

डोळे म्हणजे उपग्रह आणि गुप्तवार्ता. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत थांबवली आणि पाठोपाठ माहिती देणंही. आठवडाभरात दोन्ही पुन्हा सुरू झालं. मात्र तेवढ्यात सगळ्यांना एक गोष्ट कळली : तोफा तुमच्या आवारात असल्या तरी लांबचं लक्ष्य कुठे आहे आणि शत्रूचं क्षेपणास्त्र कधी सुटलं, हे दुसऱ्याकडून समजत असेल तर त्यांचा निम्मा उपयोग त्याच्याच हातात राहतो.

गॅरेजचं उदाहरण अफगाणिस्तानचं. तिथल्या मेकॅनिकांना रशियन बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टर बऱ्यापैकी दुरुस्त करता यायची. त्यांच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक आणली. ती यंत्रं सरस होती, पण देखभाल परदेशी कंत्राटदारांकडे होती. २०२१ च्या उन्हाळ्यात कंत्राटदार निघाले, तशी विमानं एकेक करून जमिनीवर बसू लागली. हवाई आधार नाही, डोंगरातल्या चौकीला रसद नाही, जखमींना उचलायला कोणी नाही. १५ ऑगस्टला काबूल पडलं. शस्त्रं होती, सुटे भाग आणि पाने फिरवणारे हात नव्हते.

पैसे मोजले की माल आपला, हाही भ्रम आहे. १९९० मध्ये प्रेसलर दुरुस्तीखाली (पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असा दाखला अमेरिकी अध्यक्षाने दिला तरच मदत, असा अमेरिकी कायदा) पाकिस्तानची मदत तुटली. पाकिस्तानने पैसे भरलेली २८ एफ-१६ विमानं अमेरिकेतच अडकली, काही ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. पुढे तडजोडीत भरपाईचा काही भाग चक्क गव्हाच्या रूपात मिळाला. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून गेल्या आणि पाकिस्तानची गरज सरली, हा त्यामागचा मोठा बदल.

म्हणून एखादा करार वाचताना विचारावं : इंजिनाचं ओव्हरहॉल कुठे होणार? सुटे भाग किती महिन्यांचे? सॉफ्टवेअर बदलायचा अधिकार कोणाचा? भारताला याचा चटका १९९१ नंतर बसला. सोव्हिएत संघ मोडला आणि एकाच यंत्राचे भाग वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांत शोधावे लागले.

प्रश्न : कंपनी सरकारने साताऱ्याच्या गादीलाही १८१९ मध्ये संरक्षणाचा शब्द दिला होता. आजचे तह त्याच जातीचे का?
(शिक्षिका, कराड)

उत्तर : नाहीत. रेसिडेंटला (कंपनीच्या दरबारातल्या प्रतिनिधीला) डावलून छत्रपतींना बाहेर पत्रव्यवहारही करता येत नव्हता. पोर्तुगीजांशी संधान बांधल्याच्या आरोपासकट १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं आणि १८४८ मध्ये दत्तक नाकारून राज्य खालसा झालं. आजच्या दोस्ताला 'जा' म्हणता येतं. फिलिपिन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये म्हटलं, पुढच्या वर्षी सुबिकचा अमेरिकी तळ रिकामा झाला. मात्र १९९५ मध्ये फिलिपिन्स हक्क सांगत असलेल्या दक्षिण चिनी समुद्रातल्या मिस्चीफ खडकावर चीनने बांधकाम केलं, आणि २०१४ मध्ये फिलिपिन्सने अमेरिकेशी नवा करार केला.

प्रश्न : अमेरिका आणि तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनच्या हुथी बंडखोरांचा समझोता झाला, तरी द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून का जात राहिले?
(बागायतदार, तासगाव)

उत्तर : मे २०२५ चा तो समझोता अमेरिकी जहाजांपुरता होता. पुढे जुलैमध्ये ग्रीक कंपन्या चालवत असलेली, लायबेरियाच्या झेंड्याची दोन मालवाहू जहाजं हुथींनी बुडवली. संरक्षणाचा शब्द कोणाच्या झेंड्याला लागू आहे, हे पाहूनच जहाज कंपन्या वाट ठरवतात.

केप ऑफ गुड होपच्या वळशाने रॉटरडॅमला दहा-पंधरा दिवस जास्त लागतात. रीफर (शीत) कंटेनरमध्ये शून्य अंश राखलं तरी ग्रेप गार्डमधला (पेटीत बुरशी रोखायला ठेवलेल्या पॅडमधला) गंधकाचा वायू संपत जातो, देठ तपकिरी पडतात, मणी गळतात. अशा खेपेसाठी देठ हिरवा आणि टणक असलेलाच माल निवडावा, प्री-कूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) अर्धवट उरकू नये, आणि पॅड जास्त दिवसांचं आहे का ते पॅकहाउसला विचारावं. विम्याचंही तपासा : मालाच्या नेहमीच्या सागरी विम्यात युद्धजोखीम नसते, ती वेगळी घ्यावी लागते. ती घेतली तरी नुसत्या उशिरामुळे खराब झालेल्या मालाचे पैसे सहसा मिळत नाहीत. तेव्हा खरेदीदाराशी दर ठरवताना उशिराचा धोका कोणाच्या अंगावर, हे आधीच लिहून घ्या.