दोन फायलींपैकी कोणती पुसावी?

प्रश्न : इतवारीत आमचे किराणा दुकान आहे. सगळे पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड जपणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका फाइलमध्ये ठेवले असून ती फाइल इंटरनेटवरून फायली जुळवून ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये आहे, म्हणजे दुकानातल्या संगणकावर आणि मनीषनगरच्या घरी लॅपटॉपवर ती उघडता येते. मागच्या आठवड्यात दुकान बंद करता करता जीएसटी पोर्टलचा पासवर्ड बदलला. रात्री घरी पाहिले तर जुनाच. त्याच रात्री बँकेचा पासवर्ड बदलला. आता फोल्डरमध्ये दोन फायली दिसतात आणि दुसरीच्या नावात ‘कन्फ्लिक्टेड कॉपी’ असे लिहिलेले आहे. कोणती पुसावी? दुकानातला संगणक सकाळी सुरू केला की कधीकधी जुनीच तारीख दाखवतो, त्याचा याच्याशी संबंध असेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कृपया एकही फाइल पुसू नका. एकीत जीएसटीचा नवा पासवर्ड आहे आणि दुसरीत बँकेचा, त्यामुळे कोणतीही पुसली तरी आपले नुकसानच होईल.

पासवर्डची फाइल कुलूपबंद असल्याने ड्रॉपबॉक्सला तिच्या आतले काही वाचता येत नाही; त्याच्या दृष्टीने ती एक बंद पेटी आहे. एका ठिकाणचा बदल दुसरीकडे पोहोचण्याआधीच तिथेही बदल झाला, तर दोन्ही पेट्या जपून ठेवणे एवढेच त्याच्या हाती असते, आणि त्याने तेच केले आहे. आपण दुकान बंद करताना बदल केलात, म्हणजे फाइल जतन करून लगेच मेन स्विच बंद केला असावा. यापुढे ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमधल्या त्या फाइलवर हिरवी खूण येईपर्यंत थांबत जा.

आता दोन्ही फायली आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मग घरच्या लॅपटॉपवर मूळ फाइल उघडा, ‘डेटाबेस’ मेनूतून ‘मर्ज फ्रॉम डेटाबेस’ निवडा आणि दुसरी फाइल दाखवा. प्रत्येक नोंदीत शेवटचा बदल कधी झाला हे पाहून कीपासएक्ससी नवी नोंद पुढे ठेवते, तर जुनी त्याच नोंदीच्या ‘हिस्ट्री’त जाते.

आपल्या तारखेच्या शंकेचे उत्तर इथेच आहे, आणि ती शंका अगदी योग्य आहे. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो. बहुतेक संगणकांत तो सीआर२०३२ असतो. तो संपला की वीज बंद होताच घड्याळ मागे जाते. मग दुकानात केलेल्या बदलावर जुनी तारीख पडते आणि फायली एकत्र करताना नवा पासवर्ड जुना ठरून मागे ढकलला जातो. त्यामुळे फायली एकत्र केल्यावर जीएसटीची नोंद उघडून पाहाच. तिथे जुना पासवर्ड दिसला, तर नवा ‘हिस्ट्री’तून परत आणता येईल. शिवाय सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे (समोरचा सर्व्हर खरा असल्याची ओळखपत्रे) तारखेवर तपासली जातात, म्हणून तारीख फार मागे असेल तर ड्रॉपबॉक्सची जोडणीच होत नाही आणि दिवसभराचे बदल दुकानातच अडकून पडतात. सेल स्वस्तात मिळतो. तो लवकर बदलून घ्या आणि विंडोजमध्ये वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळण्याची सोय सुरू ठेवा.

दोन्ही पासवर्डांनी प्रत्यक्ष लॉगिन होते याची खात्री झाली की ‘कन्फ्लिक्टेड कॉपी’ फोल्डरमधून काढायला हरकत नाही. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही पुसलेली फाइल ३० दिवसांपर्यंत परत मिळवता येते, तरी पेनड्राइव्हवरची प्रत दुकानातल्या संगणकाचा सेल बदलून होईपर्यंत तशीच राहू द्या.