आयटी आणि सिक्युरिटीतल्या पहिल्या इंटर्नशिपची तयारी कशी करावी? कोल्हापुरात राहून काही शिकायला मिळेल का, की पुण्यालाच जावं?

तू लिहिलं आहेस की तिसऱ्या वर्षाला आहेस, एमआयडीसीतल्या कारखान्यांची कामं बघणाऱ्या एका फर्ममध्ये सुट्टीतली इंटर्नशिप मिळाली आहे आणि मित्र म्हणतात, "तिथं प्रिंटरच दुरुस्त करशील, सिक्युरिटी शिकायची तर पुणं गाठ." हेच वाक्य मी माझ्या हिंजवडीतल्या आतेभावाकडून प्रत्येक गणपतीला ऐकत आलोय. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

माझी इंटर्नशिप राजारामपुरीतल्या एका एएमसीवाल्या, म्हणजे वार्षिक करारावर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या, फर्ममध्ये झाली. काम काय, तर शिरोलीतल्या एका फौंड्रीत जायचं आणि प्रत्येक कॉम्प्युटरची नोंद करायची: नाव, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, विंडोज कुठलं, अँटीव्हायरस चालू की बंद, कोण वापरतं, कुठली अकाउंट्स आहेत. मोल्डिंग शॉपच्या केबिनमधला काळ्या धुळीनं भरलेला पीसीसुद्धा सोडायचा नाही. आतेभावाला सांगितलं तर म्हणाला, "ही कसली सिक्युरिटी, ही तर मोजदाद."

फौंड्रीची सुट्टी सोमवारची. मंगळवारी सकाळी अकाउंट्सच्या काकांनी सहज सांगितलं की टॅलीच्या सर्व्हरवर कुणीतरी आधीच लॉगिन असल्यासारखं दिसतंय. आमचे साहेब जुने, कमी बोलणारे. त्यांनी मला सांगितलं, "आधी नेटवर्कची केबल काढ, पण मशीन बंद करू नगंस." बंद केलं असतं तर मेमरीत जे चालू होतं ते सगळं गेलं असतं. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटी लॉग, म्हणजे कोण कधी आत शिरलं त्याची नोंदवही, काढला. 4625च्या ओळींमागून ओळी. दर काही सेकंदांनी एक फसलेलं लॉगिन, आणि नावं बघ: अ‍ॅडमिन, टेस्ट, युझर, टॅली, बॅकअप. मालकांना घरून टॅली बघायची होती म्हणून कुणीतरी राउटरवर 3389 पोर्ट, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचं दार, सरळ बाहेर उघडून ठेवलं होतं. त्या गर्दीत खाली एकच 4624, म्हणजे जमलेलं लॉगिन, आणि लॉगऑन टाइप 10, म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून आत शिरलेला माणूस. अकाउंटचं नाव 'स्कॅन'. हे नाव माझ्या यादीत होतं: आधीच्या व्हेंडरनं स्कॅनरसाठी बनवलेलं, पासवर्डही तोच, आणि कारण नसताना अ‍ॅडमिनचे हक्क दिलेले.

वेळ सोमवारची पहाट. साहेबांनी मला गेटवर पिटाळलं. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सोमवारच्या पानावर ऑफिसातल्या कुणाचीच नोंद नव्हती. राउटरच्या लॉगशी वेळ जुळवायला गेलो तर जुळेना, कारण सर्व्हरचं घड्याळच पुढं होतं. तो फरक वजा करून एकेक ओळ ताडून पाहिली तेव्हा कुठं चित्र नीट झालं. आणि आणखी एक गोष्ट: विंडोजचा सिक्युरिटी लॉग मुळात 20 एमबीचाच असतो, तो भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. फसलेल्या लॉगिनच्या माऱ्यानं तो भरत आला होता. अजून एक दिवस गेला असता तर ती एक ओळही हाती लागली नसती. शिरलेल्या माणसानं फाइली एन्क्रिप्ट करायचं, म्हणजे कुलूपबंद करायचं, टूल आणून ठेवलं होतं, चालवलेलं नव्हतं. डेटा वाचला.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल 2022 मध्ये हेच नियमात घातलं: घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी जुळलेली हवीत, लॉग 180 दिवस ठेवायचे, घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची. ज्यानं घड्याळाचा घोळ हातानं सोडवलाय त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

आतेभावाचा दुसरा मुद्दा, "कोल्हापुरात कोण हॅक करायला येतंय?" ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो त्याच्या पुण्यात. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचशेजारी खोटा स्विच उभा करून व्यवहार मंजूर करून घेतले, त्या हल्ल्यात एकूण 94 कोटी गेले. बनावट कार्डांनी पैसे काढले गेले त्यात कोल्हापुरातली एटीएमही होती. मे 2017 च्या वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसनंही गाव विचारलं नाही, पॅच म्हणजे दुरुस्तीचं अपडेट नसलेलं विंडोज विचारलं.

आता तयारी. काली लिनक्स ही हॅकिंगच्या टूल्सची सिस्टिम टाकून वायफाय फोडायचे व्हिडिओ बघणं बंद कर. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन मशीन उभी कर. एकावरून दुसऱ्यावर मुद्दाम चुकीच्या पासवर्डनं लॉगिन कर आणि 4625 स्वतः शोध. एका फोल्डरचा बॅकअप घे, फोल्डर उडव, परत आण. परत आणून पाहिलेला नाही तो बॅकअप मी धरतच नाही. वायरशार्क या नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक साइट उघडताना डीएनएस, म्हणजे साइटच्या नावाचा पत्ता विचारणारी चौकशी, आधी कशी जाते ते बघ. आणि प्रत्येक वेळी अर्धं पान लिही: काय दिसलं, किती वाजता, त्यावरून काय वाटतं. दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं लिहायची सवय पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल. शॉपफ्लोअरवर मराठीत बोल, चहा नाकारू नकोस. काकांनी ते वाक्य आम्हाला सांगितलं, कारण साहेब त्यांच्याशी रोज दोन मिनिटं बोलायचे.

सीईएच या एथिकल हॅकिंगच्या सर्टिफिकेटसाठी आत्ता घरच्यांकडून पैसे मागू नकोस. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे सुरुवातीचे कोर्स फुकट आहेत, ते कर. मोठं सर्टिफिकेट इंटर्नशिपनंतर, कुठल्या कामात मन रमतंय ते कळल्यावर.

मात्र हेही लिहायला हवं: मालवेअर अ‍ॅनालिसिस (व्हायरस उघडून तपासणं) किंवा पूर्णवेळ पेनटेस्टिंगच (परवानगीनं सिस्टिम फोडून कच्चे दुवे शोधणं) करायचं असेल तर तशा टीम पुण्या-बंगळुरात जास्त आहेत, पुढं तिकडं जावं लागेल. इथं स्टायपेंड कमी मिळेल, कदाचित मिळणारही नाही. रुजू व्हायच्या आधी विचारून घे. आणि फर्मच्या ग्राहकाचं काहीही स्कॅन करायच्या, म्हणजे त्यांच्या सिस्टिमची उघडी दारं तपासायच्या, आधी लेखी परवानगी घे, साहेब तोंडी "बघ जरा" म्हणाले तरी. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं आयटी कायद्याच्या कलम 43 खाली येतं, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं केलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इंटर्न आहे म्हणून सूट नाही.

लॅपटॉपचं विचारलं होतंस: 8 जीबी रॅमवर दोन मशीन कशीबशी चालतात, 16 असेल तर निवांत.