‘हाउस ऑफ लीव्ह्ज’मध्ये अडकलोय. सगळ्या तळटीपा वाचायलाच हव्यात का?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: मार्क डॅनियलेव्हस्कीची ही कादंबरी भयकथा म्हणून हातात घेतली, पाचव्या प्रकरणात गाडी रुतली, तळटीपांनी जीव नकोसा केला आणि भीती तर अजून वाटलेलीच नाही. पुढे वाचावी का, आणि टिपा गाळल्या तर चालेल का?

वाचा. टिपाही गाळा, पण सरसकट नको.

आधी कोण काय लिहितंय ते पक्कं करून घ्या, निम्मा वैताग तिथेच संपतो. विल नॅव्हिडसन हा छायापत्रकार जोडीदार कॅरन आणि दोन मुलांसह व्हर्जिनियातल्या एका घरात राहायला येतो आणि तिथलं जगणं कॅमेऱ्यात टिपतो. त्या माहितीपटावर झांपानो नावाच्या म्हाताऱ्याने भलामोठा प्रबंध लिहिलाय. म्हातारा आंधळा होता. तो मेल्यावर ती बाडं लॉस एंजलिसमध्ये टॅटूच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या जॉनी ट्रुअंटच्या हाती लागतात आणि तो खाली स्वतःच्या टिपा जोडत सुटतो. त्यावर आणखी निनावी ‘संपादक’ आपल्या टिपा घालतात. प्रत्येकाचा टाइप वेगळा आहे. टाइपरायटरसारखी अक्षरं दिसली की समजा जॉनी बोलतोय. आणि असा माहितीपट मुळात नाहीच, हेही जॉनी सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो.

मग गाळायचं काय? नावांच्या याद्या. छायाचित्रकारांच्या नावांची एक लांबलचक टीप येते, ती नावं कशीही उचललेली आहेत असं जॉनीच खाली सांगतो. नवव्या प्रकरणात वास्तुशिल्पी आणि इमारती यांच्या याद्या पानंच्या पानं चालतात. त्यांवरून नजर फिरवली तरी पुरे. तिथे पानाच्या मधोमध निळी चौकट दिसेल, घरात काय काय नाही याची यादी असलेली. पान उलटलंत की तीच अक्षरं आरशातल्यासारखी उलटी, जणू कागदाला भोक पडलंय. काही टिपा आडव्या, काही उलट्या, काही तुम्हाला दुसऱ्या टिपेकडे पाठवून पुन्हा तिथेच आणून सोडतात. हे प्रकरण चक्रव्यूहाबद्दल आहे आणि तुम्ही त्यात हरवावं अशीच त्याची रचना आहे. वाट चुकलात तर परत फिरून पहिल्यापासून सुरू करू नका. दहाव्या प्रकरणात उलट होतं: पानावर मोजके शब्द, भराभर पानं उलटायची, कारण घराच्या आतल्या अंधाऱ्या बोळांत अडकलेल्यांना सोडवायची धावपळ चाललीय. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं हीच, आणि नवव्यात घाम गाळल्याशिवाय त्यांची मजा येत नाही.

जॉनीच्या टिपा मात्र गाळू नका. त्याच्या बारमधल्या आणि अंथरुणातल्या बढाया मलाही कंटाळवाण्या वाटल्या, त्यातल्या बऱ्याच कापता आल्या असत्या. पण एका ठिकाणी झांपानोच्या मजकुरात आपण ‘पाणी’ हा शब्द घुसडला, हीटरचा वॉटर हीटर केला, असं तो सहज सांगून जातो. कारण काय, तर त्याच्या स्वतःच्या घरी गरम पाणी येत नव्हतं. मग त्याने आणखी काय काय बदललं असेल? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की नॅव्हिडसनच्या घराकडेही त्याच संशयाने पाहणं सुरू होतं.

तुम्ही जिथे थांबलात त्याच सुमारास संपादकांची एक टीप परिशिष्टातली पत्रं वाचायला सुचवते. तेव्हाच जा. जॉनीच्या आईने मनोरुग्णालयातून लिहिलेली ती पत्रं वाचल्यावर जॉनी नुसता वाह्यात पोरगा राहत नाही. एका पत्रात ती सांगते की पुढच्या पत्रातल्या शब्दांची पहिली अक्षरं जोडून वाच. पेन्सिल घेऊन खरंच जोडा. मला संपूर्ण पुस्तकात सर्वांत हादरवणारं पत्र ते वाटलं.

आता भीतीचं. तुम्ही नारायण धारपांच्या भयकथा वाचून वाढलात असं लिहिलंय, म्हणून सांगतो. त्यांच्या समर्थकथांत काहीतरी अमंगळ आत शिरतं आणि त्याच्याशी सामना करणारं कुणीतरी असतं. इथे समर्थ येत नाहीत आणि ज्याच्याशी लढायचं तेही नीट दिसत नाही. अंधार, कोरड्या भिंती, लांबून येणारी गुरगुर, बस्स. खरा घोळ सुरू होतो तो मोजमापापासून: घर बाहेरून भरतं त्यापेक्षा आतून पाव इंच जास्त. (आपल्याकडे बिल्डरच्या कृपेने आतून कमीच भरतं, ही भीती आपल्या वाट्याला यायची नाही.) नॅव्हिडसन पुन्हा मोजतो, भावाला बोलावतो, इंजिनिअर मित्राला बोलावतो, यंत्रं बदलतो, फरक जात नाही. मग दिवाणखान्याच्या भिंतीत एक दार आणि आत बोळ. भिंतीपलीकडे तर नुसतं अंगण आहे. तो खिडकीतून बाहेर पडून, वळसा घालून कॅमेऱ्याने ते दाखवतो. भुताला नाव देता येतं, उतारा करता येतो. टेप तीच, भिंत तीच आणि आकडा चुकतोय, यावर काय उतारा करणार? झांपानोचे संदर्भ, खोटे समीक्षक, कॅरनने घेतलेल्या खऱ्याखुऱ्या नामवंतांच्या काल्पनिक मुलाखती, ही सगळी त्या पाव इंचाचा हिशेब लावायची धडपड आहे. म्हणूनच त्या टिपांना इतकी जागा दिलीय.

शेवटचं, प्रतीबद्दल. छापील प्रतच घ्या, आणि रंगीत; ‘घर’ हा शब्द जिथे येईल तिथे निळा असायला हवा आणि खोडलेला मजकूर लाल. पुस्तक फिरवत वाचावं लागतं, त्यामुळे फोनवर जमत नाही आणि लोकलमध्ये उभ्याने तर अजिबात नाही. दहावं प्रकरण संपेपर्यंत पकड आली नाही, तर खुशाल कुणाला तरी देऊन टाका.