मीठ खाल्लं मालकाचं, मग केस कशी करू?

कामगारांचे थकलेले पगार आणि ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं नोकरी करून काम सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम) यासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न क्वचितच कायद्याचा असतो. सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात फोल्डिंग-पॅकिंगला असलेल्या अक्का 2019 मध्ये आल्या तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाल्या, "ताई, मुलीच्या लग्नाला शेटनी दहा हजार दिले होते. त्यांना कोर्टात ओढलं तर लोक काय म्हणतील? आणि राजीनामा मीच दिला, कागदावर सहीही केली. आता काय उरलं?"

मी विचारलं, "ते दहा हजार फेडले का?"

"फेडले की. दर महिन्याला पगारातून पाचशे कापायचे."

म्हणजे ती उचल होती, आणि ती पूर्ण फिटली होती. हे त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं, म्हणून मी दुसरं काही बोलण्याआधी तेवढंच विचारलं. उपकाराचं ओझं डोक्यावर असलेल्या माणसाला कलमं सांगून उपयोग नसतो.

डिसेंबर 2004 ते ऑगस्ट 2018, म्हणजे 13 वर्षं 8 महिने नोकरी. गुडघे धरले, उभं राहवेना, म्हणून काम सोडलं. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार अडकला होता आणि ग्रॅच्युइटी हा शब्द त्यांनी ऐकलाही नव्हता. पाच वर्षं सलग सेवा झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 11,700 रुपये. त्याला 26 ने भागलं की रोजचे 450, त्याचे पंधरा दिवस म्हणजे 6,750. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून 14 वर्षं. 94,500 रुपये. मी आकडा लिहून कागद त्यांच्याकडे सरकवला, तर त्यांनी तो पालथा घातला. एवढी रक्कम आपली असू शकते, हेच पटत नव्हतं.

'सर्व हिशेब मिळाला' या व्हाउचरवरच्या सहीची त्यांना फार धास्ती होती. कायद्याने मिळणारी ग्रॅच्युइटी अशा सहीने बुडत नाही. तरी वाचल्याशिवाय सही करू नका, कारण प्रत्यक्ष न मिळालेल्या पगाराच्या बाबतीत तोच कागद तुमच्यासमोर धरला जातो.

आधी मालकाला 'नमुना आय' (Form I) मधला ग्रॅच्युइटी मागणीचा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने धाडला, पोचपावती जपली. उत्तर नाही. मग कामगार न्यायालयात 'नमुना एन' (Form N) मधला दाव्याचा अर्ज, उशीर का झाला त्याच्या कारणासह. पगारासाठी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 33-सी(2) खाली वेगळा अर्ज. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाले. त्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नसते, हे कितीतरी जणींना माहीतच नाही.

मालकाने सांगितलं, बाई 2009 पासूनच कामाला, कारण पीएफच्या नोंदी तिथून सुरू होत होत्या. पाच वर्षं गिळायचा डाव होता. तो मोडला जुन्या ईएसआय (कामगार विमा) कार्डाने. त्यावर कारखान्याचा कोड होता आणि नोंदणी होती जानेवारी 2005 ची. जोडीला पॅकिंग खात्यातल्या दोघींची साक्ष.

मध्ये कोरोना आला, तारखांवर तारखा पडल्या. अक्का दोनदा म्हणाल्या, सोडून देऊ. मी आग्रह केला नाही, फक्त पुढची तारीख त्यांच्या कॅलेंडरवर लिहून दिली. 2022 मध्ये निकाल लागला: दोन महिन्यांचा पगार, 94,500 आणि दहा टक्क्यांनी चार वर्षांचं सरळव्याज, 37,800.

निकाल म्हणजे पैसे हातात, असं समजून इथेच बरेच जण घरी बसतात. अपील करायचं तर मालकाला ग्रॅच्युइटीची रक्कम आधी भरावी लागते. त्याने अपील केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत. मग वसुली दाखल्यासाठी अर्ज केला. दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तहसील कचेरीत आम्ही चार खेपा घातल्या. जप्तीची नोटीस कारखान्याच्या दारावर लागली आणि आठवड्यात डीडी आला.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. काम सुटल्यावर पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आणि वेतनाचा दावा तीन वर्षांत करायचा, असं त्यात आहे. तुमची नोकरी केव्हा सुटली त्यावर कुठला कायदा लागेल हे ठरेल, म्हणून आधी ती तारीख मला सांगा.

आणि येताना घरातली कागदांची अख्खी पिशवी आणा: हजेरी कार्ड, पगाराची पाकिटं, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे कागदसुद्धा. निवडत बसू नका. अक्कांनी ते ईएसआय कार्ड बिनकामाचं म्हणून पहिल्या खेपेला घरीच ठेवलं होतं.