जुन्या मस्टँगची ताकद वाढवताना: आधी हवेचा हिशेब

प्रश्न: माझ्याकडे १९८७ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. इंजिन ५.० लिटरचे व्ही-८ असून गिअरबॉक्स पाच गिअरचा, मॅन्युअल आहे. मूळची २२५ अश्वशक्ती ३५० पर्यंत न्यावी, असा माझा विचार आहे. गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजमध्ये मोठा कॅमशाफ्ट (वाल्व्हची उघडझाप करणारा दांडा) बसवून घेतला. तेव्हापासून गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे सारखे खाली-वर होतात आणि पेट्रोलचा वास येतो. आता गॅरेजवाले १९ पौंडांचे (ताशी १९ पौंड पेट्रोल सोडणारे) इंजेक्टर काढून ३० पौंडांचे बसवायला सांगत आहेत. बसवावेत का?
— एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर: आत्ता बसवू नयेत. पुढे ते लागतील, पण आपल्या आजच्या तक्रारीवर तो उपाय नाही. उलट वास वाढेल.

आपल्या गाडीचा संगणक इंजिनात शिरणारी हवा प्रत्यक्ष मोजत नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, इंजिनाचे फेरे आणि हवेचे तापमान यांवरून तो हवेचा अंदाज बांधतो आणि कारखान्यात भरून दिलेल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल सोडतो. दारातल्या चपला मोजून भात टाकावा, तसा हा प्रकार आहे. घरची मंडळी ठरलेली असतील तोवर अंदाज चुकत नाही. मोठ्या कॅममध्ये मात्र इनटेक आणि एक्झॉस्ट वाल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ वाढतो, त्यामुळे कमी फेऱ्यांवर मॅनिफोल्डमधला निर्वात घटतो. दाब वाढलेला दिसला की इंजिनावर भार आला, असे संगणक समजतो आणि जास्तीचे पेट्रोल ओततो. आपल्याला येणारा वास त्याचाच आहे. ३० पौंडांचा इंजेक्टर तेवढ्याच वेळात सुमारे ५८ टक्के अधिक पेट्रोल सोडतो, आणि संगणकाला या बदलाची काहीच कल्पना नसते.

म्हणून पहिले काम मास-एअर, म्हणजे हवा प्रत्यक्ष मोजण्याच्या, पद्धतीवर जाण्याचे आहे. फोर्डने स्वतः १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणि १९८९ पासून सगळ्याच ५.० मस्टँगमध्ये ही पद्धत आणली. त्यासाठी हवा मोजणारा मीटर, त्याच्या चार-पाच तारा आणि मॅन्युअल गाडीचा ए९एल हा संगणक लागतो. जुना दाब-सेन्सर फेकून देऊ नये. त्याची निर्वाताची नळी काढून तो मोकळ्या हवेला उघडा ठेवला की तो बाहेरच्या हवेचा दाब सांगण्याचे काम करतो. मोठ्या इंजेक्टरसाठी ‘जुळवलेले’ म्हणून जे मीटर विकले जातात, त्यांबद्दल माझे मत फारसे बरे नाही. ते संगणकाला हवा मुद्दाम कमी सांगतात आणि पेट्रोलचा मेळ बसवतात, पण इग्निशनची वेळही त्याच आकड्यावरून ठरत असल्यामुळे तिथे गडबड होते. खरा आकडा सांगणारा मीटर घ्यावा, संगणकाच्या मागच्या जोडणीत चिप बसवावी आणि डायनोवर (चाकांची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग करून घ्यावे.

त्यानंतर इंजिनाच्या श्वासाकडे वळावे. या इंजिनाचा गळा आवळला जातो तो त्याच्या ई७ सिलिंडर हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या, वाल्व्ह असलेल्या भागात), ३०२ घनइंचांना (बिल्ल्यावर ५.० असले तरी प्रत्यक्षात हे ४.९४ लिटर भरतात) ती वाट अरुंद पडते. १९९३ च्या मस्टँग कोब्रामध्ये फोर्डने अधिक मोकळे जीटी-४० हेड आणि २४ पौंडांचे इंजेक्टर दिले, ते याच कारणाने. ३५० साठी चांगले ॲल्युमिनियम हेड, त्यांना साजेसा इनटेक आणि हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) एकदमच ठरवावेत आणि कॅम या सर्वांना जुळेल असा निवडावा. कॅम आधी घेऊन बाकीचे भाग त्याच्यामागे फरफटत नेण्याची चूक फार जण करतात. १९८७ च्या पिस्टनमध्ये वाल्व्हसाठी खाचा आहेत, तरीही हेड आणि कॅम बदलल्यावर पिस्टनवर चिकणमातीचा गोळा ठेवून, इंजिन हाताने फिरवून, वाल्व्हला किती जागा उरते ते मोजल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

आता इंजेक्टर. एका अश्वशक्तीला ताशी साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागते आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवू नये, असे धरले तर १९ पौंडांचे आठ इंजेक्टर सुमारे २५८ अश्वशक्तीला पुरतात, २४ पौंडांचे ३२६ ला आणि ३० पौंडांचे ४०८ ला. आपले गॅरेजवाले आकड्यात चुकलेले नाहीत, क्रमात चुकले आहेत. टाकीतला मूळ पंप ताशी ८८ लिटरचा आहे. तोही १५५ किंवा १९० लिटरचा करावा.

आपल्या टी-५ गिअरबॉक्सची क्षमता २६५ फूट-पौंड टॉर्कची आहे आणि मूळ इंजिनच ३०० देते. क्लच दणक्यात सोडण्याची हौस असेल तर गिअरबॉक्ससाठी पैसे बाजूला ठेवावेत. मूळ ब्लॉक मात्र ३५० ला खुशाल टिकतो. त्याला मधोमध तडे जाण्याची भीती ५०० च्या आसपास सुरू होते. मागच्या आसाचे गिअर-गुणोत्तर २.७३ किंवा ३.०८ असेल तर ते ३.५५ करावे. इंजिनाला हात न लावता गाडीचा उठाव इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कशानेही बदलत नाही.

मिशिगनमध्ये धुराची नियमित तपासणी होत नाही, तरी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला देशाच्या कायद्याने मनाईच आहे. तो राहू द्यावा.

प्रश्न: माझी १९९० ची ५.० मस्टँग आहे. कॅलिफोर्नियात हेच बदल चालतील का?
— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर: आपल्याकडे मास-एअर मुळातच आहे, तेव्हा ते काम वाचले. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी असते आणि तिथे नुसता धूर मोजत नाहीत, बॉनेट उघडून भागही पाहतात. हेडर, इनटेक, कॅम, हवेचा मीटर यांपैकी कोणताही भाग घेताना त्याला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक आहे का आणि तो आपल्या गाडीच्या सालाला लागू आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. भागासोबत येणारे क्रमांकाचे स्टिकर बॉनेटखाली दिसेल असे चिकटवावे.