कॅथलिक धर्म शांती शिकवतो, मग माझा कॅथलिक मित्र एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, कसा गेला? आणि उद्या त्याने लढायला नकार दिला तर चर्च त्याच्या बाजूने उभं राहील का?

तुमच्या मित्राने धर्म मोडलेला नाही. मी पुण्याचाच कॅथलिक. आमच्या नाना पेठेतल्या सिटी चर्चला १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, तीच मुळी त्यांच्या फौजेतल्या कॅथलिकांच्या उपासनेसाठी. सैनिकी पेशाला चर्च पाप म्हणत नाही. मात्र युद्ध न्याय्य ठरायला कडक अटी घालतं: दुसरा कोणताही उपाय उरलेला नसावा, आणि युद्धाने होणारं नुकसान टळणाऱ्या संकटापेक्षा मोठं नसावं.

नकाराबद्दल मात्र चर्चची भूमिका बदलत गेली. १९५६ च्या नाताळ संदेशात पोप पायस बारावे म्हणाले होते की, देशाच्या न्याय्य संरक्षणाची वेळ आली तर कॅथलिक नागरिकाला सदसद्विवेकाचं कारण देऊन अंग काढून घेता येणार नाही. पुढे नऊच वर्षांत, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, सांगितलं की, मनाला पटत नाही म्हणून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद हवी. त्यांनी समाजाची सेवा दुसऱ्या मार्गाने करावी.

या दोन तारखांच्या आधीचा एक माणूस मला फार मोठा वाटतो. फ्रान्झ येगरश्टेटर, ऑस्ट्रियाच्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी, चर्चची देखभाल करणारा, तीन लहान मुलींचा बाप. हिटलरचं युद्ध अन्यायाचं आहे, त्यात मी लढणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. जखमींची शुश्रूषा करायला तो तयार होता. त्याच्या बिशपांनीही घरच्यांचा विचार कर म्हणून समजावलं. तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात चर्चने त्याला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा त्याची म्हातारी पत्नी तिथे हजर होती.

त्याचा विरोध सगळ्या युद्धांना नव्हता, या युद्धाला होता. न्याय्य युद्धाच्या अटी मानल्या की असा नकार ओघाने येतोच. कायद्याला हे झेपत नाही. लुई नेग्रे या कॅथलिकाने व्हिएतनामचं युद्ध अन्याय्य म्हणून नाकारलं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लष्करी सेवेतून सवलत फक्त सगळीच युद्धं नाकारणाऱ्याला. मला हा निकाल पटत नाही.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही, तुमचा मित्र स्वखुशीने गेलाय. त्याच्यासाठी चर्चची शिकवण स्पष्ट आहे: निःशस्त्र नागरिकांवर, जखमींवर किंवा कैद्यांवर अत्याचार करण्याचा हुकूम आला तर तो पाळायचा नाही, आणि 'वरून आदेश होता' ही सबब चालणार नाही.