जर्मनीत एमएस करायचं आहे, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तयारी कधीपासून करू आणि चांगला कन्सल्टंट कोणता?

तयारी आजपासून कर आणि कन्सल्टंट लावू नकोस. तुला अरेतुरे करते, माझी मुलगी तुझ्याहून थोडीच मोठी आहे. मी इंजिनिअर नाही, परदेशही पाहिलेला नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेच्या टेबलावर होते, आता रिटायर झाले. ट्रान्सक्रिप्ट, बोनाफाईड, मार्कशीटवरच्या नावाची दुरुस्ती, हे सगळं माझ्या हाताखालून गेलेलं.

मुलीनं २०२३ च्या विंटर सेमिस्टरसाठी, म्हणजे ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या सत्रासाठी, अर्ज करायचं ठरवलं तेव्हा आमचे भाऊजी, म्हणजे मिस्टरांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "वहिनी, ही कॉलेजच्या खिडकीवरची कामं नव्हेत. पुण्यात माझ्या ओळखीचा माणूस आहे." त्यांचा मुलगा आदल्या वर्षी त्याच माणसामार्फत गेला होता. गेलो आम्ही. एसी केबिन, भिंतीवर झेंडे. समोरच्या मुलानं हिचा सीजीपीए विचारला. ७.४ म्हटल्यावर मान हलवून म्हणाला, "मॅडम, पब्लिकला, म्हणजे सरकारी विद्यापीठाला, हे चालणार नाही, प्रायव्हेट बघू." आणि एका खासगी संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक पुढं सरकवलं. फी बघून मिस्टर खुर्चीत सरळ झाले.

मी विचारलं, जर्मन ग्रेडमध्ये ७.४ म्हणजे किती? त्याला सांगता येईना. बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात त्याला, शाळेतलं गणित आहे. जास्तीत जास्त गुणांतून आपले वजा कर, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंग यानं भाग, तीननं गुण, एक मिळव. दहापैकी ७.४ आणि पासिंग ४, म्हणजे २.६ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.३. तिकडे १ सगळ्यात वरचा आणि ४ काठावर पास. बऱ्याच कोर्सना २.५ पर्यंत चालतं. म्हणजे पोरगी आत बसत होती आणि हा तिला बाहेर काढत होता. सरकारी विद्यापीठं एजंटाला दमडी देत नाहीत, खासगीवाले दर मुलामागं कमिशन देतात. ते काउन्सेलिंग 'फ्री' असतं ते त्यामुळं. परतताना गाडीत भाऊजी माझ्यावरच चिडले, की मी त्यांच्या माणसाचा अपमान केला.

मग घरीच बसलो. ग्रेडपेक्षा विषय जास्त नडतात, हे कुणी सांगत नाही. कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं, गणिताचे इतके क्रेडिट हवेत, मेकॅनिक्सचे इतके, मटेरियल्सचे इतके. ते ईसीटीएसमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्रेडिटच्या मापात, मोजतात, पूर्ण वर्षाचे ६०. आपल्या मार्कशीटवर नुसतं 'मॅथ्स थ्री' लिहिलेलं; त्यात काय शिकवलं हे तिकडच्या माणसाला कसं कळणार? जेवणाच्या टेबलावर सिलॅबस पसरून एकेका विषयासमोर त्यांचा विषय लिहीत गेलो. जिथं मटेरियल्स कमी पडत होतं ते कोर्स यादीतून उडवले. युनि-असिस्टला, म्हणजे बऱ्याच विद्यापीठांसाठी परदेशी मुलांचे अर्ज तपासणाऱ्या तिकडच्या संस्थेला, पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाचे ३० पडतात, उगाच कशाला घालवायचे?

नावाचं तर आजच बघ. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगला कुठं शेवटी 'ए' आहे, कुठं नाही. त्या केबिनमध्ये म्हणाले होते, चालून जातं. चालून जातं म्हणणाऱ्यांना मी शेवटच्या आठवड्यात खिडकीवर रडकुंडीला आलेलं पाहिलंय. तू अजून कॉलेजात आहेस, दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाक. डिग्री छापून झाल्यावर त्याच कामाला चपला झिजतात.

नोव्हेंबर २०२२ पासून आपल्याकडच्या मुलांना एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. त्याला आठवडे जातात, म्हणून अर्जाच्या आधी तेच. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, तिचा निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा घाई करू नकोस, शेवटच्या वर्षात दे. जर्मन मात्र आत्ताच सुरू कर, कोर्स इंग्रजीत असला तरी. घरमालक इंग्रजीत बोलेलच असं नाही. एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र, स्वतःच लिही आणि 'लहानपणापासून यंत्रांची आवड' हे वाक्य आधी खोड, सगळ्यांच्यात तेच असतं. प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस ते लिही.

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे भाऊजींचं लाडकं वाक्य. फी बऱ्याच ठिकाणी नाही हे खरं, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, वर्षाचा खर्च आधीच दाखवावा लागतो. आमच्या वेळी ११,२०८ युरो होते, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ झाले. पैसे आपलेच, तिकडे दरमहा ९९२ असे परत मिळतात, पण आधी उभे करायला लागतात. घरी हा विषय आत्ताच काढ, बँकेचं लोन चार दिवसांत होत नाही. स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे ज्या राज्यात येतात तिथं २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही आता लावलीय.

आता एवढं बोलले, तरी सगळेच कन्सल्टंट चोर नसतात. ठरावीक पैसे घेऊन नुसती फाईल तपासून देणारेही आहेत, घरी कुणी बघणारं नसेल तर तेवढं घे. आणि २.५ हा काही कायदा नाही. काही कोर्सना जागा मोजक्या असतात, तिथं २.० वालेही राहतात. प्रत्येक कोर्सचं पान स्वतः वाच.

मुलगी केम्निट्झच्या सरकारी विद्यापीठात लागली, सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क सोडलं तर फी शून्य. पुतण्याची फी अजून चालू आहे, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण गेल्या लग्नसराईत भाऊजी चार लोकांत सांगत होते की वहिनींच्या पोरीचं काम माझ्या माणसानं केलं. केलं नाही. सगळ्या अर्जांच्या पावत्या माझ्या फाईलमध्ये आहेत, तारखेनुसार लावलेल्या, ज्याला बघायच्या असतील त्यानं घरी यावं.